तीन महिन्यांची साखर

प्रयोगशाळेत तिला सगळे फौजदारबाई म्हणत आणि, खरं सांगायचं तर, तिला ते आवडे. तोंडदेखलं "काहीतरीच काय!" म्हणायची; पण एखाद्या दिवशी कुणी त्या नावानं हाक मारली नाही तर तिला चुकल्यासारखं व्हायचं.

फौजदारकी साखरेची होती. मधुमेही माणसं रक्त द्यायला येण्याआधी दोन दिवस एकदम शहाणी होतात. गोड बंद, बिस्किटं बंद, सकाळ-संध्याकाळ चालणं सुरू. आणि मग उपाशीपोटी हात पुढे करून बसतात, जशी काही जन्मभर हीच वागणूक. रोजची साखर या सोंगाला फसतेसुद्धा. तिच्या खोलीतली तपासणी मात्र फसत नसे. कागदावर तिचं नाव एचबीएवनसी. ती आपली 'तीन महिन्यांची' म्हणायची. रक्तात साखर जास्त फिरली की ती तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी जिवंत असेपर्यंत, म्हणजे तीनेक महिने, सुटत नाही. किती हिमोग्लोबिनला साखर चिकटलीय ते मोजलं, की गेल्या तीन महिन्यांत माणसानं काय दिवे लावलेत ते कळतं. एका निवृत्त मुख्याध्यापकांना तिनं असंच पकडलं होतं. "सर, परवापासून उपाशी आहात हे दिसतंय. पण त्याआधीचं काय?" सर कानापर्यंत लाल झाले. हा किस्सा तिनं इतक्या वेळा सांगितला होता, की घरात तो सुरू झाला की नवरा पुढचं वाक्य आधीच म्हणायचा.

पण ती नुसती बोलघेवडी नव्हती. कामाला वाघीण होती. रक्ताची जांभळ्या टोपीची नळी हातात आली की ती तिला हळुवार खाली-वर करायची, तान्ह्या बाळाची कूस बदलावी तशी. यंत्र त्या रक्तातलं हिमोग्लोबिन जातीजातीनं वेगळं करून पडद्यावर ओळीनं डोंगर काढायचं. साखर चिकटलेल्याचा डोंगर लहानसा; तो सुटा हवा, सरळ हवा, दोन्ही बाजूंनी सारखा उतरता हवा. तो वाकडा असला, त्याला खांदा फुटलेला असला, तर खालचा आकडा कितीही ठाम दिसो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला ती बजावायची, "आधी डोंगर बघा, मग आकडा. आकड्याला लाज नसते, तो कुठंही येऊन बसतो."

हे ती स्वतः कटाक्षानं पाळायची. एकदाच चुकली. आणि चुकली ती कुठं, तर घरच्याच माणसाच्या बाबतीत.

घरी तिची थोरली नणंद होती. ती त्यांना वन्सं म्हणायची. वन्संनी लग्न केलं नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं त्या एका बेकरीच्या काउंटरवर उभ्या होत्या आणि संध्याकाळी मोडक्या बिस्किटांची पुडी घेऊन घरी यायच्या. फौजदारबाईंना लेक झाली, रजा संपत आली आणि आता बाळाला कुणाकडे ठेवायचं म्हणून ती रडकुंडीला आली, तेव्हा कुणी न सांगता वन्संनी बेकरी सोडली. लेकीचं पहिलं पाऊल वन्संनी पाहिलं. आईनं ते घरी आल्यावर ऐकलं. घर भावाचं, वरकड खर्च भावजयीच्या पगारातून. वन्संचं स्वतःचं म्हणावं असं त्या घरात एकच होतं, त्यांचा शब्द. वन्सं म्हणाल्या गॅस बंद केलाय, तर कुणी परत जाऊन बघत नसे. वन्संनी सांगितलं पोरगी अभ्यासाला बसली होती, तर बसली होती.

साठीच्या आसपास त्यांना मधुमेह निघाला. वन्संनी गोड सोडलं ते तडकाफडकी, बेकरी सोडली होती तसंच. रोज सकाळी बोट टोचून घरच्या लहान यंत्रावर साखर बघायच्या आणि भावजयीला सांगायच्या. आकडे चांगले असायचे. आणि नेमकं तेच भावजयीला पटत नव्हतं. जन्मभर लोणी-साखरेच्या वासात वावरलेली बाई, आणि एका दिवसात जिभेला कुलूप? मांजर डोळे मिटून दूध पितं, पण जगाला दिसतंच की. असं तिच्या मनात यायचं, बोलायची नाही.

मग एकदा वन्संच्या डॉक्टरांनी 'तीन महिन्यांची' करायला सांगितली. तोवर ती कधी केलीच नव्हती. फौजदारबाईंनी वन्संना प्रयोगशाळेत नेलं, स्वतः रक्त काढलं, नळीवर स्वतःच्या हातानं नाव घातलं. यंत्रात नळी लावताना तिच्या मनात निकाल लागूनही गेला होता. पडद्यावर वर डोंगर उमटले, खाली आकडा. तिची नजर थेट खाली गेली. साडेनऊच्या वर.

"वाटलंच होतं," ती पुटपुटली आणि कागद छापायला दिला. वरचे डोंगर तिनं पाहिलेच नाहीत.

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर तिनं तो विषय काढला. एकट्यात काढता आला असता. पण फौजदाराला चोर चारचौघांत पकडल्याशिवाय पकडल्यासारखं वाटत नाही.

"वन्सं, साडेनऊच्या वर आलीय."

"काय साडेनऊ?"

"तीन महिन्यांची. सहा-साडेसहा असायला हवी."

वन्संचा घास हातातच राहिला. "असं कसं गं? रोज तर चांगली येते."

"रोजची फसवता येते. यंत्राला काही नाती नसतात, वन्सं."

"अगं, मी खरंच काही खात नाही."

"मी कुठं म्हटलं खाता म्हणून? खाई त्याला खवखवे."

लेक फिसकन हसली. आईचं बोलणं तिला नेहमीच मजेशीर वाटायचं. नवऱ्यानं पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ तो पीत राहिला. वन्संनी एकदा भावाकडे पाहिलं, एकदा भाचीकडे. मग ताटातलं मुकाट्यानं संपवलं. त्या दिवसापासून लेक आपली बिस्किटं दप्तरात ठेवायला लागली. आत्याला मोह नको म्हणून, असं ती म्हणायची, आणि तिच्या आईला त्याचं कौतुकच वाटलं.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि आधीच्या गोळ्यांवर आणखी एक जोरकस गोळी चढवली. त्यांचा काय दोष? कागदावर आकडाच होता. डोंगर प्रयोगशाळेत राहिले होते.

पुढं काही आठवड्यांनी फौजदारबाई दुपारीच घरी आली. स्वयंपाकघरात वन्सं ओट्याला टेकून उभ्या होत्या. साखरेचा डबा उघडा, मूठ भरलेली, ओठांना साखर लागलेली. भावजयीला पाहून त्या इतक्या दचकल्या की साखर फरशीवर सांडली. कपाळावर घाम होता आणि हात लटलटत होते.

घाम, कापरे हात, पांढरा पडलेला चेहरा. साखर फार उतरली की माणसाचं असंच होतं. याचा तक्ता तिच्याच खोलीत भिंतीवर लावलेला होता; रोज दहा जणांना ती तो बोट ठेवून समजावून सांगायची. आणि घरी, दोन हातांवर तो तक्ता जिवंत उभा असताना, तिला दिसली ती चोरी उघडी पडल्याची भीती. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, ते काही खोटं नाही.

"वा!" ती म्हणाली. "आणि आम्ही मात्र गोळ्या वाढवतोय."

"अगं, मला कसंतरीच..."

"खाल्ली की नाही, एवढंच सांगा."

वन्सं फरशीवरच्या साखरेकडे बघत राहिल्या. "हो," त्या म्हणाल्या. "खाल्ली."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, एवढ्यावरच ती थांबली असती तरी पुष्कळ होतं. पण तिनं साखरेचा डबा उचलला, आपल्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये. सकाळी चहापुरती साखर ती स्वतः काढून द्यायची, नवऱ्याला आणि लेकीला. नवरा एकदा हळूच म्हणाला, "ताई कधी खोटं बोललेली मला तरी आठवत नाही." त्यावर ती म्हणाली, "मग आता आठवणीत ठेवा." तिच्यापुढं तो नेहमीच गप्प बसायचा, आणि त्या गप्प बसण्याची लाज त्याची त्यानं बाळगायची आहे; इथं तिचा हिशेब नको.

वन्सं बोलायच्या कमी झाल्या. सकाळचा आकडा सांगायच्या थांबल्या. एकदा भाजी निवडता निवडता आपल्याशीच म्हणाल्या, "मीच झोपेत उठून खात असेन का गं?" भावजयीनं ते ऐकलं आणि पर्स उचलून कामावर निघाली.

उन्हाळा लागला तशी पुन्हा तपासणीची वेळ आली. वन्सं काही बोलल्या नाहीत, आणि ती म्हणाली, बोलतील तेव्हा बोलतील.

मग तो दिवस आला. बाजारापलीकडे याच प्रयोगशाळेचं एक केंद्र होतं. तिथं नुसतं रक्त घ्यायचे आणि थंड पेटीतून इकडे पाठवायचे. त्या नळ्यांवर नावं नसत, फक्त नंबर. फौजदारबाईंनी पेटी उघडली, नळ्या एकेक करून खाली-वर केल्या, यंत्रात लावल्या आणि पडद्यासमोर बसली. आधी डोंगर, मग आकडा. सरळ, सरळ, सरळ. आणि मग एक डोंगर आला त्याला उजवीकडच्या उतारावर खांदा होता. बारीकच, पण स्पष्ट. खाली आकडा, साडेनऊच्या वर.

तिनं तो निकाल अडवला. तिला असा काही आनंद झाला, की छापलेला कागद घेऊन ती जवळजवळ पळतच मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक कागदावर शेवटची सही त्यांची असायची.

"सर, हे बघा. हा खांदा बघा. ही साखर नव्हे."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ धरला. "शाबास, फौजदार. या माणसाचं हिमोग्लोबिनच जन्मापासून जरा वेगळ्या घडणीचं दिसतंय. त्याला त्याचा त्रास काही नसेल. पण आपलं यंत्र त्यालाही साखर लागलेलं समजून मोजतंय. कोपऱ्यातल्या यंत्रावर लाव, त्याची पद्धत वेगळी आहे."

कोपऱ्यातल्या लहान यंत्रानं आकडा दिला सहाच्या जरासा वर. उत्तम साखर. पथ्य पाळणाऱ्या माणसाची साखर.

"कुणीतरी बिचारं फुकट गोळ्या खात असेल," डॉक्टर म्हणाले. "आधी कधी केली होती का बघा बरं. तेव्हा कुणीतरी असाच सोडला असेल कागद."

"कोण गाढव असेल तो," ती म्हणाली आणि त्यांच्याच संगणकावर नंबर घातला.

नाव वन्संचं होतं. खाली आधीचा निकाल होता, साडेनऊच्या वर. त्याच्या बाजूला तपासणाऱ्याचं नाव, तिचं स्वतःचं. तिनं तो जुना आलेख उघडला. खांदा तिथंही होता, तसाच. लपलेला नव्हता, पुसट नव्हता. कुणीही पाहिला असता तर दिसला असता.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते काय असतं हे तिला तेव्हा कळलं. मुख्याध्यापकांचे लाल कान आठवले आणि आपलेही कान तापलेत हे जाणवलं. वन्सं ऊन डोक्यावर घेऊन बाजारापलीकडे गेल्या होत्या. का, तर भावजयीच्या हाती हात द्यायला नको म्हणून.

"सर," ती म्हणाली, "तो गाढव मीच. या माझ्या नणंदबाई आहेत."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "आधी ती गोळी थांबवा," एवढंच म्हणाले.

तिनं घरी फोन लावला.

"वन्सं, ती नवी गोळी घेऊ नका."

"सकाळीच घेतली की."

"कसं वाटतंय? हात कापताहेत का? घाम येतोय?"

पलीकडून घाईघाईनं, "नाही गं. मी काही खाल्लेलं नाही. खरंच नाही."

हात कापताहेत का या प्रश्नाला हे उत्तर! ती पर्स उचलून निघालीच. वाटेत तिला सारखी पर्समधली किल्ली बोटाला लागत होती. घरात औषध म्हणून जी वस्तू लागेल तीच कुलपात, आणि कुलूप घालणारी ही.

वन्सं आपल्या कॉटवर बसल्या होत्या, भिंतीला टेकून. चेहरा ओला, ओठ फिके. मांडीवर बटणांचा डबा. भावजय दारात दिसताच त्यांनी झाकण लावायचा प्रयत्न केला, पण बोटांना ते जमेना. डब्यात बटणांखाली खोकल्याच्या गोड गोळ्या होत्या, एक कागद नुकताच सोडलेला.

"हात कापायला लागले की एक चघळते," वन्सं जड जिभेनं म्हणाल्या. "औषधवाल्याकडून आणल्या. चोरीच की ती. सांगणार होते तुला."

तिनं कपाट उघडलं, डबा काढला, पेलाभर पाण्यात साखर ढवळली आणि वन्संच्या तोंडाशी धरली. वन्संनी मान फिरवली.

"नको. परत वाढेल. परत नऊ येईल."

"नाही येणार. प्या हो, वन्सं."

"तू परीक्षा बघतेयस का माझी?"

"पाया पडते तुमच्या, प्या."

वन्सं प्यायल्या. पिताना त्यांचे डोळे पेल्याच्या कडेवरून भावजयीच्या चेहऱ्यावर होते, ही केव्हा ओरडेल ते बघत. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोड्या वेळानं वन्संच्या गालांवर रंग आला, हात थांबले, आणि मग कॉटच्या कडेला बसून तिनं सगळं सांगितलं. हिमोग्लोबिन वेगळं आहे, यंत्र चुकीचं मोजत होतं, खरी साखर छान आहे, पहिल्यापासून छान होती.

वन्संनी ते नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते ना?"

हे त्या तिलाच विचारत होत्या. स्वतःच्या शब्दाची खात्री स्वतःला उरली नव्हती, ती भावजयीकडून करून घेत होत्या. तिनं नुसती मान हलवली.

जिथं अब्रू घेतली तिथंच ती परत द्यायला हवी, एवढं तिला कळत होतं. संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा साखरेचा डबा ओट्यावर जुन्या जागी होता. तिनं ताटाला हात लावला नाही.

"मला सांगायचंय," ती म्हणाली. "वन्संनी काही खाल्लं नव्हतं. एक दाणा नाही. चूक माझी होती. आणि ती चूक यंत्राची म्हणून मी सांगू शकते, कुणाला कळणार नाही. पण तशी ती नाही. पडद्यावर सगळं दिसत होतं. मी बघितलं नाही. मला आधीच वाटत होतं की या खातात, म्हणून मी बघितलं नाही. आणि त्या दिवशी ओट्यापाशी त्यांची साखर उतरली होती, त्या मरता मरता वाचल्या असतील, आणि मी डबा काढून घेतला."

नवऱ्यानं मान वर केली नाही. लेक उठली, दप्तरातून बिस्किटांचा पुडा काढला आणि काही न बोलता शेल्फावर, जिथं तो आधी असायचा तिथं, ठेवून आली. येताना आत्याच्या पाठीवरून हात फिरवला. वन्संनी तो हात धरला आणि सोडला.

"आज तुला कसं काय दिसलं मग?" त्यांनी विचारलं.

"केंद्रावरून आली ना नळी. त्यावर नुसता नंबर होता. म्हणून नेहमीसारखी बघितली."

वन्सं विचार करत राहिल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"नळीवर माझं नाव असतं, तर आजही बघितली नसतीस?"

नवरा, लेक, दोघंही तिच्याकडे बघत होते. बघितली असती, असं म्हणणं सोपं होतं, आणि कुणी खोडून काढलं नसतं. पण या घरात खोटं कोण बोलतं याचा निकाल आज लागायचा होता.

"नाही," ती म्हणाली. "नसती बघितली."

वन्संनी मान डोलावली. सकाळचा आकडा बघून डोलवावी तशी. मग तिचं ताट जरासं तिच्याकडे सरकवलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "जेव आता. निवतंय सगळं."